कॅन्सरचे उपचार संपले, डॉक्टर म्हणाले रोज चाला. पण सोबत कोण येणार?

ऑपरेशन झालं. केमोच्या सगळ्या सायकल संपल्या. तीन-चार आठवडे पुण्यात राहून रेडिएशनही घेऊन झालं. शेवटच्या भेटीत डॉक्टर म्हणाले, "आता तीन महिन्यांनी दाखवायला या. गोळी चुकवू नका. आणि रोज चालत जा, व्यायाम करा."

बारामती किंवा इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात ती बाई घरी परत येते. सासूबाई म्हणतात, "त्या हातानं काही उचलू नको गं." नवरा म्हणतो, "तू बसून राहा, आम्ही बघतो सगळं." शेजारीण म्हणते, "एवढं मोठं दुखणं काढलंस, आता आराम कर." सगळे मायेनंच बोलत असतात. डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं मात्र फाइलमधल्या कागदावरच राहतं.

काही महिन्यांनी लक्षात येतं की केस विंचरायला हात वर जात नाही. दोरीवर कपडे वाळत घालताना खांद्यात कळ येते. वजन वाढलंय, झोप नीट लागत नाही आणि काहीही न करता थकवा येतो. घरच्यांना वाटतं, हा कॅन्सरचाच त्रास. खरं तर त्यातला बराचसा त्रास न हलण्यामुळे वाढलेला असतो.

२०२२ च्या जागतिक आकडेवारीनुसार भारतात त्या एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर हाच आहे. उपचार सुधारत आहेत, तशा उपचारानंतर अनेक वर्षं जगणाऱ्या बायकांची संख्याही वाढते आहे. त्या पुढच्या वर्षांचं काय, हा या लेखाचा विषय आहे. व्यायामाचा खरंच उपयोग होतो का? 'हात जपा' हा सल्ला कितपत बरोबर आहे? आणि गावातली एखादी स्वयंसेविका यात काय करू शकते? एकेक मुद्दा पाहू.

व्यायामाने नेमकं काय होतं?

आधी सर्वांत पक्की गोष्ट. कॅन्सरनंतरचा थकवा आराम करून जात नाही, हलक्या व्यायामाने कमी होतो. हे ऐकायला उलटं वाटतं, पण यावर जगभरात भरपूर अभ्यास झाले आहेत. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये या सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला. आठवड्यातून ३ वेळा ३० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम आणि जमल्यास आठवड्यातून २ वेळा स्नायूंना ताकद देणारा व्यायाम केला, तर थकवा, चिंता, उदासी कमी होते आणि रोजची कामं करण्याची क्षमता वाढते, असं त्यांनी सांगितलं.

मध्यम गती कशी ओळखायची? सोपी खूण आहे. चालताना बोलता यावं, पण ओवी म्हणायला गेलं तर दम लागावा.

दुसरा फायदा सांध्यांचा आणि हाडांचा. पाळी गेलेल्या अनेक रुग्णांना लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल या गोळ्या पाच वर्षं, कधी त्याहूनही जास्त घ्याव्या लागतात. या गोळ्यांमुळे सांधे दुखतात, हाडं ठिसूळ होऊ शकतात. दुखणं सहन न होऊन काहीजणी गोळीच बंद करतात, आणि ते धोक्याचं असतं. नियमित व्यायामाने ही सांधेदुखी कमी होते, हे दिसून आलेलं आहे. म्हणजे व्यायाम गोळी चालू ठेवायलाही मदत करतो.

मग व्यायामाने कॅन्सर परत येणं टळतं का? इथे सावधपणे बोलायला हवं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या २,९८७ रुग्ण स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्याला ३ ते ५ तास चालण्याइतका व्यायाम करणाऱ्यांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं. पण हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास होता. ज्यांची तब्येत मुळात चांगली, त्याच जास्त चालत असतील, अशीही शक्यता उरते.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने ८५० रुग्णांवर योगाभ्यासाची चाचणी केली. तिचे निष्कर्ष डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सॅन अँटोनिओ इथल्या परिषदेत मांडले गेले. योग करणाऱ्या गटात आजार उलटण्याचा धोका तुलनेने १५ टक्क्यांनी कमी दिसला. या सगळ्या रुग्णांनी नेहमीचे उपचार घेतले होते, हे विसरून चालणार नाही. योग किंवा चालणं उपचारांच्या जोडीला करायचं असतं, उपचार सोडून नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर 'अमुक आसनाने कॅन्सर बरा' असं काही आलं, तर पुढे पाठवू नका.

'त्या हाताने काही उचलू नको' हा सल्ला आला कुठून?

स्तनाच्या ऑपरेशनमध्ये बहुतेक वेळा काखेतल्या काही गाठी, म्हणजे लसिका ग्रंथी, काढाव्या लागतात. हाताकडून येणारं पाण्यासारखं द्रव्य याच वाटेने शरीरात परत जातं. वाट अरुंद झाली की ते हातात साचू शकतं आणि हात सुजतो. याला लिम्फेडीमा म्हणतात. सगळ्यांना तो होत नाही, पण झाला तर बहुधा कायमचा सांभाळावा लागतो.

म्हणून अनेक वर्षं डॉक्टर सांगत आले की या हाताने जड उचलू नका, जोर लावू नका. सल्ला काळजीपोटी होता, पण त्यामागे पक्का पुरावा नव्हता.

१९९६ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये डॉन मॅकेन्झी या डॉक्टरांनी हा समज तपासायचं ठरवलं. त्यांनी स्तनाच्या कॅन्सरमधून बाहेर आलेल्या २४ बायकांना एकत्र केलं आणि वल्हवायला शिकवलं. ड्रॅगन बोट नावाच्या लांब नावेत बसून सगळ्यांनी एका तालात वल्हं मारायचं, म्हणजे हात, खांदा आणि छाती यांनाच सगळा जोर. त्या बायकांच्या हातांना त्यामुळे सूज आली नाही. आज अशा नावा अनेक देशांत आहेत.

त्यापुढचा ठोस पुरावा २००९ मध्ये आला. अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ यांच्या गटाने आधीच हातसूज असलेल्या १४१ बायकांची चाचणी घेतली. निम्म्यांना आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचा व्यायाम दिला, निम्म्यांना दिला नाही. वर्षभरात सूज बळावण्याचं प्रमाण व्यायाम न करणाऱ्यांत २९ टक्के होतं, करणाऱ्यांत १४ टक्के. म्हणजे वजन उचलणाऱ्यांचा त्रास कमी झाला.

मात्र यात तीन अटी होत्या. सुरुवात अगदी हलक्या वजनाने झाली, वजन हळूहळू वाढवलं गेलं आणि शिकवायला माणूस होता. शिवाय व्यायाम करताना हाताला घट्ट बाही, म्हणजे कॉम्प्रेशन स्लीव्ह, घातलेली होती. त्यामुळे या अभ्यासाचा अर्थ 'उद्यापासून पाण्याचा हंडा उचला' असा होत नाही. हाताची ताकद पायरीपायरीने परत आणायची असते. नुसता जपून ठेवलेला हात कमजोर होत जातो, आणि मग घरातलं साधं कामही त्याला झेपत नाही.

'शेतात राबतेच की, वेगळा व्यायाम कशाला?'

बारामती-इंदापूरच्या भागात हा प्रश्न हमखास येणार, आणि तो रास्त आहे. इथल्या बायका खुरपणी करतात, ऊस लागणीला जातात, डाळिंबाच्या बागेत काम करतात, गायी-म्हशींचं करतात. बारामतीच्या जिरायत पट्ट्यात उन्हाळ्यात पाण्यासाठीही पायपीट होते. त्यांना 'जरा हालचाल करा' असं शहरी थाटात सांगणं चेष्टा वाटेल.

पण काम आणि व्यायाम यांत फरक आहे. खुरपणीत माणूस तासन् तास वाकून किंवा उकिडवा बसतो. हात पुढे आणि खाली चालतो, डोक्याच्या वर जातच नाही. धार काढताना पंजा आणि मनगट सतत आवळलं जातं, खांदा तिथेच राहतो. ज्या बाजूला ऑपरेशन झालंय तिथली कातडी आणि स्नायू आखडलेले असतात. त्यांना सगळ्या दिशांना ताण मिळाला नाही तर ते आणखी आखडतात. शेतातलं काम शरीर थकवतं, पण हा खांदा मोकळा करत नाही. शिवाय काम आपल्या तब्येतीप्रमाणे वाढत नाही. मजुरीला गेलं की पहिल्या दिवसापासून आठ तास.

दुसरा मुद्दा जखमांचा. उसाचं पाचट कातडीला कापतं. डाळिंबाला काटे असतात. काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला लहानशी जखम झाली, ती चिघळली, तर संसर्ग हातभर पसरू शकतो आणि त्यातून सूज सुरू होऊ शकते. शेतात जाताना साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायची पद्धत इथे आहेच, ती या बायकांनी अजिबात सोडू नये. सोबत हातमोजे घालावेत. खरचटलं तर लगेच साबणाने धुवावं आणि लाली वाढतेय का यावर लक्ष ठेवावं.

म्हणून शेतकरी बाईसाठी व्यायामाचा अर्थ थोडा वेगळा. दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं खांद्याचे व्यायाम, तेही घरातल्या भिंतीशी. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटांनी मुंगीसारखं वर चढत जायचं, जिथवर हात जाईल तिथे खडूने खूण करायची. आठवड्याने खूण किती वर गेली ते बघायचं. ज्यांना शेतात जाणं अजून जमत नाही किंवा ज्या घरकामातच असतात, त्यांनी यासोबत चालायचं.

माहिती आहे, मग अडतं कुठे?

इथवरचं सगळं एका पत्रकावर छापून दवाखान्यात वाटता येईल. पण पत्रकाने लोक चालायला लागतात का?

जून २०२५ मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ती मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची होती, स्तनाच्या नव्हे, पण आपल्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे. केमो पूर्ण केलेले ८८९ रुग्ण दोन गटांत विभागले. एका गटाला व्यायाम आणि आहाराची माहितीपुस्तिका दिली. दुसऱ्या गटाला पुस्तिका तर दिलीच, शिवाय ३ वर्षं व्यायाम प्रशिक्षकाची साथ दिली. पाच वर्षांनी आजार न उलटलेले लोक पहिल्या गटात सुमारे ७४ टक्के होते, दुसऱ्यात ८० टक्के. माहिती दोघांकडेही होती. नियमित विचारणारा माणूस एकाच गटाकडे होता.

आपल्या गावात अडचणी त्याहून साध्या आणि त्याहून चिवट आहेत. पहाटे चालायला निघावं तर अंधार आणि कुत्री. गळीत हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. उन्हाळ्यात सकाळी नऊलाच ऊन चटका देतं. केमोने गेलेले केस अजून पुरते आलेले नसतात. एका बाजूला स्तन नाही, ब्लाउज नीट बसत नाही, लोक बघतात. 'काम नाही म्हणून फिरतेय' असं कोणीतरी बोलतं. आणि मनात सतत भीती की जास्त केलं तर आजार परत येईल का?

'लोक काय म्हणतील' याचं उत्तर बारामतीनेच एकदा दिलं आहे. साठी ओलांडलेल्या लता करे नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून इथल्या मॅरेथॉनमध्ये नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. पुढे त्यांच्यावर 'लता भगवान करे' हा चित्रपट निघाला. त्यात त्यांची भूमिका त्यांनीच केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत चित्रपटाचा विशेष उल्लेख झाला. पण प्रत्येक बाईकडून असं धाडस मागणं बरोबर नाही. बहुतेकींना दारात येऊन 'चल' म्हणणारं कोणीतरी पुरतं.

ही कल्पना नवी नाही

१९५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तेरेसी लासर या बाईचा स्तन काढावा लागला. त्या काळच्या ऑपरेशनमध्ये छातीचे स्नायूही काढत. हात परत कसा हलवायचा, हे त्यांना कोणीच सांगितलं नाही. त्यांनी स्वतः प्रयत्न करून हात सोडवला आणि मग इतर रुग्ण बायकांना दवाखान्यात जाऊन भेटायला सुरुवात केली. सोबत रबरी चेंडू आणि दोरी असायची. चेंडू दाबायचा, दोरी ओढायची, भिंतीवर बोटं चढवायची. सुरुवातीला दवाखान्यांना हे आवडलं नाही. पण १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हा उपक्रम आपल्याकडे घेतला. 'रीच टू रिकव्हरी' हे त्याचं नाव, आणि पुढे तो अनेक देशांत पोहोचला.

याच उपक्रमाच्या स्वयंसेविका व्यायाम वाढवू शकतात का, हे बर्नार्डिन पिंटो आणि सहकाऱ्यांनी तपासलं. २०१५ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ७६ रुग्ण, १२ आठवडे, आणि मदतीचं साधन फक्त फोन. स्वयंसेविका स्वतः या आजारातून गेलेल्या होत्या, त्यांना थोडं प्रशिक्षण दिलं होतं. एका गटाशी त्या व्यायामाबद्दल बोलल्या, दुसऱ्या गटालाही फोन गेले, पण त्यात व्यायामाचा आग्रह नव्हता. १२ आठवड्यांनी पहिल्या गटातल्या बायका दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे जास्त व्यायाम करत होत्या. फोन थांबल्यावर आणखी तीन महिन्यांनी हा फरक थोडा ओसरला होता, पण पुसला गेला नव्हता.

यातून दोन गोष्टी कळतात. डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट नसलेली बाईही हे काम करू शकते. आणि साथ फार लवकर काढून घेऊ नये.

आपल्याकडे साध्या माणसांनी आरोग्याचं काम केलंय का?

भरपूर. आणि तेही जवळपासच.

इंदापूरहून टेंभुर्णी-कुर्डुवाडीमार्गे गेलं की बार्शी लागते. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या आधाराने १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. टाटा मेमोरियलची त्याला साथ होती. खेड्यातले रुग्ण आपणहून मोठ्या दवाखान्यात येत नाहीत, म्हणून प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते गावोगाव फिरून लोकांशी बोलायचे, लक्षणं समजावायचे आणि तपासणीला पाठवायचे. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. पण त्यांच्या गावभेटींनी गर्भाशयमुखाचा कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण वाढलं.

१९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने दीड लाखाहून जास्त स्त्रियांची चाचणी सुरू केली. प्रशिक्षण दिलेल्या महिला आरोग्य कार्यकर्त्यांनी हाताने स्तनांची तपासणी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा दिसलं की तपासणी झालेल्यांमध्ये कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडत होता. ५० वर्षं आणि त्याहून जास्त वयाच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी होते. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये असा फरक दिसला नाही.

आणि जामखेड तर सगळ्यांना माहीत आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं आणि गावातल्या, अनेकदा शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांना आरोग्य सेविका केलं.

ही तिन्ही कामं व्यायामाची नव्हती. पण नीट शिकवलं, मर्यादा स्पष्ट केल्या आणि मागे डॉक्टर उभे राहिले, तर गावातली बाई काय करू शकते, हे त्यातून सिद्ध झालं आहे. तपासणीसाठी जे जमलं, ते उपचारानंतरच्या चालण्यासाठी का जमू नये?

सोबतीणीने नेमकं काय करायचं?

समजा, तुमच्या गावात या आजारातून बाहेर आलेली एक बाई आहे आणि दुसरी नुकतीच उपचार संपवून घरी आली आहे. पहिलीने दुसरीची सोबतीण व्हायचं. ती स्वतः रुग्ण असायलाच हवी असं नाही, बहीण, भाची, बचत गटातली मैत्रीणही चालेल. काम असं:

पहिली पायरी डॉक्टरांची परवानगी. कोणता व्यायाम चालेल, हातावर किती भार चालेल, हृदयाची किंवा हाडांची काही अडचण आहे का, हे विचारून एका कागदावर लिहून घ्यायचं. केमोची काही औषधं हृदयावर परिणाम करतात, म्हणून ही पायरी टाळायची नाही.

मग सुरुवात फार थोड्याने. पहिल्या आठवड्यात दिवसाला दहा मिनिटं चालणं पुरे. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवली तरी दोन-अडीच महिन्यांत तीस मिनिटं होतात. ताप असेल, फार थकवा असेल त्या दिवशी सुट्टी, आणि त्याबद्दल अपराधी वाटायची गरज नाही.

आठवड्यातून एक-दोनदा सोबत चालायचं, बाकी दिवशी फोन. फोन कसा असावा?

"वहिनी, झालं का आज चालून?"

"कुठलं हो ताई, पाहुणे आलेत सकाळपासून."

"मग जेवणं झाल्यावर अंगणातच दहा मिनिटं फेऱ्या मारा. मी फोनवर बोलत राहते, म्हणजे वेळ जाईल."

यात रागावणं नाही, उपदेश नाही. अडचण काय ते ऐकायचं आणि त्यातून आजच्यापुरती वाट काढायची. मोठं काम हेच आहे.

नोंद ठेवायची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर चाललेल्या दिवशी एक फुली. महिन्याच्या शेवटी फुल्या मोजल्या की आपण किती पुढे आलो हे दिसतं.

जागा आणि वेळ आधी ठरवायची. रस्त्यावर भीती वाटत असेल तर शाळेचं मैदान, देवळाचं पटांगण, कालव्याकडेची वर्दळ नसलेली वाट. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत किंवा सूर्य कलल्यावर. सोबत पाण्याची बाटली.

ब्लाउजची अडचण असेल तर तीही बोलायची. आत मऊ सुती कापडाचा किंवा विणलेल्या लोकरीचा भराव घालता येतो. काही स्वयंसेवी संस्था असे विणलेले स्तन मोफत देतात. ही गोष्ट बायका डॉक्टरांना विचारत नाहीत, मैत्रिणीला विचारतात.

आणि काय करायचं नाही?

औषध सुचवायचं नाही, बंद तर मुळीच करायला सांगायचं नाही. काढे, जडीबुटी, 'माझ्या ओळखीचा वैद्य' यांपासून लांब राहायचं. 'मला असं झालं होतं, तुलाही होईल' असं म्हणायचं नाही, कारण प्रत्येकीचा आजार वेगळा असतो. सुजलेला हात चोळायचा नाही, त्यासाठी शिकलेला फिजिओथेरपिस्ट लागतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं, तिच्या घरातलं बोलणं गावात जाऊ द्यायचं नाही. लहान गावात एखादीचा आजार सगळ्यांना माहीत असतो, पण तिची भीती सगळ्यांना माहीत व्हायची गरज नसते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचा फोटो तिला विचारल्याशिवाय टाकायचा नाही, कौतुक म्हणूनही नाही.

सोबतीणीचीही काळजी घ्यावी लागते. जिच्यासोबत ती रोज चालली, तिचा आजार उलटू शकतो. तेव्हा सोबतीण हादरते, स्वतः रुग्ण राहिलेली असेल तर जास्तच. म्हणून एकटीवर काम सोडू नये. तीन-चार सोबतिणी असाव्यात, महिन्यातून एकदा त्यांनी एकत्र बसावं आणि एखाद्या नर्स किंवा डॉक्टरशी बोलावं. फोनचा, प्रवासाचा खर्च त्यांच्या खिशातून जाऊ नये. बायकांकडून फुकट काम करून घ्यायची आपल्याला सवय आहे, ती इथे नको. आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे. त्यांनी दोघींची गाठ घालून दिली तरी खूप झालं.

कधी थांबायचं, कधी दवाखाना गाठायचा?

हात अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. हातातली अंगठी किंवा बांगडी घट्ट वाटू लागली, हात जड वाटला, तर त्या आठवड्यात दाखवायचं. चालताना छातीत दुखलं, धाप लागली, चक्कर आली, तर थांबायचं आणि दवाखाना. एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखत असेल, विशेषतः टॅमॉक्सिफेन चालू असताना, तर थांबायचं नाही, लगेच जायचं. पाठीत किंवा हाडात नवं दुखणं सुरू झालं आणि ते रात्रीही थांबत नसेल, तर व्यायामाचं दुखणं म्हणून अंगावर काढायचं नाही. कॅन्सर हाडांत पसरलेला असेल तर व्यायाम डॉक्टरांनी ठरवून दिलेलाच करायचा.

बारामती-इंदापुरात सुरुवात कुठून होईल?

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुणे साधारण शंभर किलोमीटरवर. गावागावात बचत गट आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन, केमो, रेडिएशन होतं. उपचारानंतरची वर्षं मात्र त्या बाईला घरीच काढायची असतात, आणि तिथे बचत गटाच्या बैठकीत दहा मिनिटं हा विषय निघाला तरी सुरुवात होते. फिजिओथेरपिस्टकडून खांद्याचे चार-पाच व्यायाम एकदा नीट शिकून घेतले, तर सोबतीण ते पुढे नेऊ शकते.

एकमेकींच्या सोबतीने चालणं या भागाला शिकवावं लागणार नाही. संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी याच दोन तालुक्यांतून जाते. बारामती, धोतरांच्या पायघड्या घालणारी काटेवाडी, सणसर, बेलवाडीचं रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. साठी-सत्तरीच्या बायका डोक्यावर तुळस घेऊन दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालतात. त्यांच्यातल्या अनेकजणी एरवी एकट्या बाजारालाही जात नसतील. पण दिंडीत त्यांची जागा ठरलेली असते. मुक्कामाला कोणी दिसलं नाही तर बाकीच्या विचारतात, "आज मावशी कुठे आहेत?"

उपचार संपवून घरी आलेल्या बाईलाही एवढंच हवं असतं. तुमच्या गल्लीत अशी कोणी असेल तर हा लेख तिला पाठवण्याआधी तिला फोन करा. उद्या सकाळी दहा मिनिटं मोकळी आहेस का, एवढंच विचारा.